दोन टेबलस्पून तिखट

सोमवारी संध्याकाळी बँकेतल्या माणसाशी कुणी संसाराबद्दल बोलू नये. त्या सोमवारी दुपारी दोनला लिंक गेली ती चारला आली, आणि तिच्याबरोबर दोनपासून खोळंबलेले सगळे खातेदार एकदम माझ्या खिडकीवर आले. घरी पोचायला साडेसात झाले. सौ. माझ्यामागून वीस मिनिटांनी आली. (ती विमा कंपनीत आहे आणि गेल्या जूनपासून अधिकारी आहे. हे आधीच सांगून टाकतो. नंतर कळलं की लोकांचा माझ्याकडे बघण्याचा दृष्टिकोन बदलतो, असा अनुभव आहे.) तिने पर्स खुंटीला अडकवली, साडीसुद्धा न बदलता कुकर चढवला आणि साडेआठला माझ्या ताटात मुगाची खिचडी पडली. मी ताटाकडे पाहिलं आणि माझ्या तोंडून तीन शब्द निसटले.

"आज पण खिचडीच?"

वीस वर्षांच्या संसारात मी याहून वाईट शब्द उच्चारले आहेत आणि ते पचलेही आहेत. पण त्या दिवशी हिने हातातला डाव शांतपणे खाली ठेवला. बायको भांडली तर काळजी नसते. शांतपणे डाव खाली ठेवला की समजावं, आता परिपत्रक निघणार. निघालंच.

"मंगळवार आणि गुरुवार, रात्रीचा स्वयंपाक तुमचा. उद्यापासून."

अपिलाची सोय नव्हती. मी आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "मला आपली दूध-भाकरी चालंल." मुलाच्या पाककौशल्यावर आईने इतक्या थोड्या शब्दांत अविश्वासाचा ठराव मांडल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

मी कॉमर्सचा पदवीधर. बी.कॉम.ला आम्हाला घसारा शिकवला, गुडविल शिकवलं, भागीदारी मोडली तर काय करायचं तेही शिकवलं. फोडणी कुणी शिकवली नाही. माझी ही अडचण कॉलेजात दुसऱ्या वर्षाला असलेल्या कन्येने सोडवली. तिने मैत्रिणीकडून एक पाककृती मिळवून वहीच्या पानावर उतरवून दिली. "टेक्स-मेक्स पास्ता, बाबा. कामाच्या दिवशी दमून आल्यावर करायचा म्हणूनच असतो तो. एकच भांडं, तीस मिनिटं." पानावर कांदा होता, लसूण होता, टोमॅटो, मका, मॅकरोनी, जिरेपूड, ओरेगॅनो आणि चीज होतं. बीफचा खिमा होता, तो आजी माळकरी असल्यामुळे नातीने स्वतःच खोडून तिथे 'राजमा' असं लिहिलं होतं आणि खाडाखोडीवर आद्याक्षरीही केली होती. बँकवाल्याची मुलगी. आणि शेवटी लिहिलं होतं: चिली पावडर, दोन टेबलस्पून.

आता चिली पावडर म्हणजे तिखट, हे मला कुणी सांगायला नको. आमच्या घरात संकेश्वरी आणि लवंगी मिरची मिळून, आईने स्वतः उभं राहून डंकावर कुटून आणलेलं तिखट असतं. त्यातलं दोन टेबलस्पून, चांगलं शीग लावून, मी मंगळवारी कढईत घातलं.

पुढचं वर्णन थोडक्यात करतो. हॉलमध्ये बसलेली कन्या खोकत गॅलरीत गेली. शेजाऱ्यांनी दार लावून घेतलं. पहिला घास मी घेतला, आणि मग बराच वेळ मला कुणाशी काही बोलता आलं नाही. आईने तर ताटाला हातच लावला नाही, पण तिचं कारण निराळंच निघालं. "अमेरिकेचं हाय न्हवं? मग नगं. बहात्तर साली खाल्लं तेवढं बास झालं." हे काय, ते विचारण्याच्या अवस्थेत मी नव्हतो. साडेनऊला सौ.ने खिचडी टाकली. या वेळी मी काही बोललो नाही.

बँकेत संध्याकाळी रोकड जुळली नाही की कॅशिअरला घरी जाता येत नाही. मला त्या रात्री झोप येईना ती त्याच कारणाने. अमेरिकन माणूस दोन टेबलस्पून घालतो, खातो आणि दुसऱ्या दिवशी कामावर जातो. मग फरक कुठे पडला? एखाद्या व्हाउचरबद्दल शंका आली की त्याच्या मागचे कागद काढायचे, ही पंचवीस वर्षांची सवय. बुधवारी मी या पास्त्याच्या मागचे कागद काढायला बसलो. सोप्या, अर्ध्या तासात होणाऱ्या पदार्थाला मागे इतके कागद असतील असं वाटलं नव्हतं.

पहिला कागद निघाला तो एका जर्मन माणसाचा. टेक्सासमध्ये न्यू ब्राउनफेल्स नावाचं जर्मन लोकांनी वसवलेलं गाव आहे. तिथे विल्यम गेबहार्ट नावाचे गृहस्थ एका दारूच्या गुत्त्याला जोडून खाणावळ चालवीत. त्यांच्या गिऱ्हाइकांना चिली कॉन कार्ने, म्हणजे मिरचीत शिजवलेलं मांस, फार आवडे. पण ताजी मिरची हंगामापुरती मिळायची. तेव्हा या गृहस्थांनी मेक्सिकोतून वाळकी मिरची मागवली, ती खिमा करायच्या यंत्रातून फिरवली, आणि १८९४ साली तिखटाची पूड बाटलीत भरली. दोन वर्षांत सॅन अँटोनियोला कारखाना, त्यावर गरुडाचा छाप. यात मिरची होती ती अँचो जातीची: मोठी, काळपट, आणि आपल्या ब्याडगीलाही लाज वाटावी इतकी मवाळ. शिवाय अमेरिकेत आज जी चिली पावडर विकतात तिच्यात या मिरचीबरोबर जिरं, ओरेगॅनो, लसूण असं बरंच काही असतं. म्हणजे अमेरिकन माणूस जिला चिली पावडर म्हणतो, तो मसाला आहे, तिखट नव्हे. आपल्या कोल्हापूरकडच्या कांदा-लसूण मसाल्याचा तो दूरचा, पुष्कळच शांत स्वभावाचा भाऊ. मी 'मसाला' या खात्याची रक्कम 'तिखट' या खात्याला नावे टाकली होती. बँकेत याला राँग पोस्टिंग म्हणतात आणि त्यावर मेमो मिळतो.

फरक सापडला. वास्तविक इथे मी फाइल बंद करायला हवी होती. पण गेबहार्टसाहेबांनी बाटलीत भरलेली चव आली कुठून? ती काही जर्मनीहून नव्हती आली. म्हणून आणखी एक कागद मागे गेलो, आणि तिथे मला बायका भेटल्या.

सॅन अँटोनियो हे टेक्सासमधलं जुनं शहर. ते १७१८ साली स्पेनच्या पाद्र्यांनी आणि शिपायांनी वसवलं. १७३१ साली स्पेनच्या राजाने कॅनरी बेटांवरून काही कुटुंबं तिथे राहायला धाडली. टेक्सासच्या स्वयंपाकात जिऱ्याचा इतका सोस आहे तो या मंडळींमुळे, असं तिकडे सांगतात. या शहरातल्या मिलिटरी प्लाझा नावाच्या चौकात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संध्याकाळ झाली की मेक्सिकन बायकांच्या गाड्या येत. दिवसभर घरी रांधायचं, संध्याकाळी मोठाली भांडी गाडीत घालून चौकात आणायची, मेस्कीटच्या लाकडांवर गरम ठेवायची. मेस्कीट म्हणजे आपल्याकडच्या वेड्या बाभळीची सख्खी बहीण. जळायला तशीच चांगली आणि काट्याला तशीच वाईट. लांब टेबलं, कंदिलांचा उजेड, आणि दहा सेंटांत ताटलीभर चिली, बरोबर घेवड्याच्या दाण्यांची उसळ आणि मक्याची पोळी. शिपाई, गुराखी, व्यापारी, गाडीतून उतरलेले प्रवासी, सगळे एका बाकावर. वर्तमानपत्रवाल्यांनी या बायकांना नाव दिलं 'चिली क्वीन्स'. मिरचीच्या राण्या. कादंबरीकार स्टीफन क्रेन १८९५ साली तिथे गेला होता आणि या चिलीच्या तिखटपणाबद्दल त्याने लिहूनही ठेवलं आहे. माझ्यासारखाच अनुभव त्याला आला असावा. फक्त त्याला लिहिण्याचे पैसे मिळाले.

१८८९च्या सुमाराला त्या चौकात नगरपालिकेची इमारत उभी करायचं ठरलं आणि राण्यांना तिथून उठवलं. सरकारी इमारत बांधायची म्हटलं की आधी गाडीवाल्यांना उठवायचं, हा कायदा जगात कुणी कुणाकडून घेतला कळत नाही, पण सगळीकडे सारखा आहे. राण्या दुसऱ्या चौकात गेल्या, तिथून तिसऱ्या. १८९३ साली शिकागोला जागतिक प्रदर्शन भरलं, तिथे 'सॅन अँटोनियो चिली स्टँड' या नावाचं दुकान थाटलं गेलं आणि उत्तरेकडच्या लोकांना ही चव कळली. (त्याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या सर्वधर्मपरिषदेत स्वामी विवेकानंदांचं भाषण झालं. शिकागो १८९३ म्हटलं की आपल्याला एवढंच आठवतं. पोटाकडे आपलं पहिल्यापासूनच दुर्लक्ष.) पुढे १९३७ साली आरोग्यखात्याला चौकातली धूळ आणि माश्या दिसल्या आणि गाड्या बंद झाल्या. १९३९ साली मॅव्हरिक नावाच्या महापौरांनी जाळीच्या तंबूत त्या पुन्हा सुरू करून पाहिल्या, पण चाळीसच्या दशकात राण्यांचं राज्य कायमचं खालसा झालं.

आता हिशेब बघा. बाटलीवर गरुड आला. डबाबंद चिली देशभर जाऊ लागली. १९०० साली शिकागोहून आलेल्या फार्न्सवर्थ नावाच्या गृहस्थांनी सॅन अँटोनियोत पांढऱ्या टेबलक्लॉथचं मेक्सिकन उपाहारगृह काढलं आणि ते धो धो चाललं. १९७७ साली टेक्सासच्या विधिमंडळाने चिलीला राज्याचा अधिकृत पदार्थ म्हणून मान दिला. आणि ज्यांनी रोज दुपारी घरी ते रांधलं, त्यांच्यापैकी बहुतेकींची नावंसुद्धा कुठे नाहीत. 'राण्या' म्हटलं की झालं. कॉमर्सच्या भाषेत सांगायचं तर गुडविल एकीने कमावलं आणि ते दुसऱ्याच्या ताळेबंदात मालमत्तेच्या बाजूला दिसलं. हे मी सौ.ला मोठ्या तळमळीने वाचून दाखवलं. ती डब्याची भाजी चिरत होती. ती म्हणाली, "राण्यांचं ऐकून वाईट वाटलं. जरा तो गॅस बारीक करा."

टेक्स-मेक्स हे नाव मुळात जेवणाचं नव्हेच. ते रेल्वेचं. कॉर्पस क्रिस्टी हे बंदर आणि सीमेवरचं लारेडो यांना जोडणारी टेक्सास मेक्सिकन रेल्वे १८८१ साली पुरी झाली. वेळापत्रकात एवढं लांब नाव कोण छापणार? 'टेक्स. मेक्स.' झालं. तेच नाव पुढे माणसांना चिकटलं, मग त्यांच्या गाण्यांना आणि शेवटी जेवणाला. आणि माणसं तरी कुठून आली होती? ती कुठूनच आली नव्हती, ती तिथेच होती. १८२१पर्यंत स्पेनची प्रजा, मग मेक्सिकोची. १८३६ साली टेक्सास फुटून वेगळं झालं, १८४५ साली अमेरिकेत गेलं, त्यावरून लढाई झाली आणि १८४८च्या तहात रिओ ग्रँड नदी ही सीमा ठरली. चूल जागच्या जागी, त्यावरचं भांडं तेच, फक्त नकाशावरची रेघ सरकून खालून निघून गेली. बेळगाव-निपाणीकडच्या वाचकांना हे जास्त फोड करून सांगायला नको.

मग यात पास्ता कुठून आला? माझी समजूत अशी की पास्ता म्हणजे इटली आणि विषय संपला. पण स्पेनमध्ये शेवयांना 'फिदेओ' म्हणतात. हा शब्द तिथे अरबी बोलणाऱ्या लोकांकडून आला असं मानतात. स्पॅनिशांनी मेक्सिकोत गहू नेला, त्याबरोबर फिदेओ नेल्या. मेक्सिकोत त्यांची भेट टोमॅटोशी आणि मिरचीशी झाली. दक्षिण टेक्सासमधल्या मेक्सिकन घरांत आजही कामाच्या दिवसाची फिदेओ ठरलेली आहे. कृती ऐका. कढईत तेल घ्यायचं. शेवया तांबूस होईपर्यंत परतायच्या. कांदा, लसूण, जिरं. टोमॅटो. तिखट. वरून उकळतं पाणी, असल्यास घेवडा, असल्यास खिमा. झाकण ठेवून पाणी आटेपर्यंत शिजवायचं.

मी वाचता वाचता थांबलो. ही कृती मला पाठ होती. म्हणजे करता येत नव्हती, पण दर रविवारी सकाळी मी ती पेपर वाचता वाचता ऐकत आलो आहे. हा शेवयांचा उपमा!

आणि नुसता उपमाच नव्हे. मिरची मूळची मेक्सिकोची, पोर्तुगीजांच्या गलबतातून सोळाव्या शतकात गोव्याला उतरली आणि तिथून घाट चढली. टोमॅटो तिकडचा, मका तिकडचा, राजमासुद्धा तिकडचा. 'टोमॅटो' हा शब्दच तिथल्या नाहुआ लोकांच्या भाषेतला आहे. ज्या संकेश्वरीचा अभिमान धरून मी दोन टेबलस्पून ओतलं, तिचं माहेर तेच. जिरं मात्र भूमध्य समुद्राच्या बाजूचं. ते इकडेही आलं आणि तिकडेही गेलं. एवढे पाहुणे एकमेकांच्या घरी राहायला गेलेले असताना 'आपलं' कुठलं आणि 'परकं' कुठलं, याचा ताळमेळ लावायचा म्हणजे महिनाअखेरचं सस्पेन्स खातं.

कागद अजून पुष्कळ होते. १९२२ साली सिनसिनाटीत मॅसेडोनियातून आलेल्या किराजिएफ बंधूंनी चिली चक्क स्पॅघेटीवर ओतून विकायला सुरुवात केली. त्यात ते दालचिनीही घालत. चाळीसच्या दशकात टेक्सासमधल्या एल्सा या गावी कार्ल रोटेल नावाच्या गृहस्थांनी टोमॅटो आणि हिरवी मिरची एकत्र डब्यात भरली. त्यांच्या आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग भलतंच अवघड, म्हणून डब्यावर त्यांनी ते सोपं करून छापलं. ग्राहकाची सोय बघणारा असा माणूस बँकेत टिकला नसता. पण आमच्या पास्त्याचा खरा जन्मदाखला निघाला तो १९७१ सालचा. अमेरिकेत मांस महाग झालं होतं. जनरल मिल्स या कंपनीने 'हॅम्बर्गर हेल्पर' नावाचा खोका बाजारात आणला. खोक्यात सुका पास्ता आणि मसाल्याची पुडी. घरी एक पौंड खिमा आणायचा, तो पॅनमध्ये परतायचा, त्यावर हे सगळं ओतून पाणी घालायचं आणि झाकण ठेवायचं. एका पॅनमध्ये पाच माणसांचं जेवण, थोडक्या मांसात. पहिल्या पाच प्रकारांत एक होता 'चिली टोमॅटो'. नोकरी करून संध्याकाळी घरी येणाऱ्या बायकांनी तो उचलून धरला. १९७३च्या एप्रिलमध्ये तर अमेरिकेतल्या गृहिणींनी आठवडाभर मांसच न घेण्याचा बहिष्कार पुकारला.

हे वाचताना मला एकदम दुसरी बाजू आठवली. १९७२ साली मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर हजारो बायका महागाईविरुद्ध रस्त्यावर उतरल्या होत्या, हातात लाटणी घेऊन. म्हणजे इकडे लाटणं आणि तिकडे पॅन, साधारण एकाच सुमाराला.

आणि त्याच १९७२ साली डायना केनेडी नावाच्या, मूळच्या इंग्लंडच्या पण मेक्सिकोत जाऊन राहिलेल्या बाईंचं मेक्सिकन स्वयंपाकावरचं पहिलं पुस्तक निघालं. बाई गावोगाव हिंडल्या, तिथल्या बायकांच्या चुलीशेजारी बसून शिकल्या. त्यांनी अमेरिकनांना सांगितलं की तुम्ही मेक्सिकन म्हणून जे खाता ते मेक्सिकन नव्हे. तेव्हापासून 'टेक्स-मेक्स' हा शब्द जेवणाला पक्का चिकटला, आणि चिकटला तो नाक मुरडून. अस्सल ते तिकडे, भेसळ ती इकडे. बाईंचं काम मोठं होतं, त्यात वाद नाही. ज्यांना कुणी विचारत नव्हतं त्या खेड्यांतल्या पाककृती त्यांनी कागदावर आणल्या. पण सॅन अँटोनियोत शे-सव्वाशे वर्षं चूल पेटवणाऱ्या बायकांना 'तुमचं खरं नव्हे' असं ऐकायला मिळालं, तेही खरं. दमून आलेल्या माणसाने उरल्यासुरल्यातून केलेला स्वयंपाक कधी अस्सल ठरतच नाही. तो 'आज पण खिचडीच' ठरतो.

हे शेवटचं वाक्य लिहून झाल्यावर मी थोडा वेळ पेन खाली ठेवलं होतं.

बुधवारी रात्री जेवणं झाल्यावर मी आईला विचारलं, "बहात्तर साली काय खाल्लं होतंस अमेरिकेचं?"

"मिलो," आई म्हणाली.

आई माण तालुक्यातली. बहात्तरच्या दुष्काळात ती वीस वर्षांची होती, नुकतं लग्न झालेलं. सरकारने रस्त्याची कामं काढली होती, त्यावर ती खडी फोडायला जायची. रेशनवर अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी मिळायची, तिचं नाव मिलो. पिठाला चिकटपणा म्हणून नाही. थापताना भाकरी मोडायची, तव्यावर टाकताना उरलीसुरली मोडायची. "गुरांचं हाय म्हणायची लोकं. पर खायाचं काय मग? कामावनं आलं की अंधार पडल्याला. जळण न्हाय. एक तवा चढवायचा, त्येच्यावरच भाकरी आन् त्येच्यावरच तिखटाचं पाणी."

"तिखट किती?" मी उगाच विचारलं.

"चिमूटभर," आई म्हणाली. "दोन-दोन पळ्या न्हवं."

गुरुवारी मी सहाला बँकेतून निघालो. राजमा आदल्या रात्री भिजत घातला होता, तो कुकरला लावला. (तीस मिनिटांच्या पाककृतीत हे दहा तास धरत नाहीत, याची लेखापरीक्षकांनी नोंद घ्यावी.) मॅकरोनीचा पुडा होता, पण तो मी परत फडताळात ठेवला. आईच्या बहिणीने उन्हाळ्यात गावाहून धाडलेल्या गव्हाच्या शेवयांचा डबा काढला आणि सॅन अँटोनियोच्या बायका करतात तशा तेलात तांबूस परतल्या. कांदा, भरपूर लसूण, चमचाभर जिरेपूड. ब्याडगीचं तिखट एक चहाचा चमचा, सपाट. वर बोट फिरवून शीग काढून टाकली. चार टोमॅटो मिक्सरमधून फिरवून घातले. ओरेगॅनो कुठून आणायचं ही विवंचना होती, पण कन्येने आजवर खाल्लेल्या पिझ्झ्यांबरोबर आलेल्या पुड्या टेबलाच्या खणात निघाल्या. मोजल्या तर चौदा. त्यातल्या तीन फोडल्या. राजमा, मक्याचे दाणे, मीठ, आणि सगळं जेमतेम बुडेल इतकं उकळतं पाणी. झाकण. इथे हात शिवशिवतो, पण ढवळायचं नाही. शेवयांचा लगदा होतो. आठ मिनिटांत पाणी आटलं, शेवयांतल्या पिठाने टोमॅटोचा रस दाट झाला, वर चीज किसलं आणि गॅस बंद केला.

मग मी वळून ओट्याकडे पाहिलं. कढई, कुकर, कुकरातलं भांडं, मिक्सरचं मोठं भांडं, किसणी, विळी, परात, दोन वाट्या. 'वन-पॅन' हा शब्द ज्याने काढला त्याने पॅन मोजले, भांडी मोजली नाहीत.

सौ. आली तेव्हा आठ वीस झाले होते. तिने पर्स खुंटीला लावली आणि सवयीने कुकरकडे हात नेला. मग तिच्या लक्षात आलं. हात तिथेच क्षणभर थांबला. ती जाऊन साडी बदलून आली. कामावरून येऊन साडी बदलून जेवायला बसलेली बायको मी त्या दिवशी नीट पाहिली.

आईला मी काही लपवलं नाही. म्हटलं, "आई, हे तिकडचंच आहे. टेक्सासातल्या मेक्सिकन बायका करतात. पण शेवया मावशीच्या आहेत."

आईने ताट जवळ ओढून वास घेतला. बोटांनी थोडं चाचपलं. एक घास खाल्ला. मला वाटतं, प्रमोशनच्या मुलाखतीत मी इतका ताटकळलो नव्हतो.

"उपमाच की ह्यो," आई म्हणाली. "राजमा कशापायी घातला?" आणि दुसरा घास घेतला.

प्रमोशनचा विषय निघालाच आहे तर सांगतो. दोनदा मी अधिकारी होण्याची परीक्षा पास झालो आणि दोनदा नाकारलं, कारण बदली होते. 'घर कोण बघणार' हे कारण मी बँकेला दोन्ही वेळा लेखी दिलं आहे. घर बघत कोण होतं, हे बँकेने विचारलं नाही. यंदाही संमतीपत्र आलं होतं आणि शुक्रवार शेवटचा दिवस होता. सौ.ने दुसऱ्यांदा वाढून घेतलं (हे मी मुद्दाम नोंदवून ठेवतो) आणि ताटाकडे बघतच म्हणाली, "अहो, त्या फॉर्मचं काय करताय?"

"बघू," मी म्हणालो.

"बघा. नकारच द्यायचा असेल तर माझी हरकत नाही. पण या वेळी कारण नवीन शोधा."

कन्या हसली. मी उठलो आणि भांडी घासायला घ्यावीत म्हणून स्वयंपाकघरात गेलो. कढई नळाखाली धरून त्यात पाणी सोडणार, एवढ्यात मागून आई आली आणि तिने माझा हात धरला.

"थांब की. पाणी नगं वतू," ती म्हणाली. हातात उलथनं होतं. "तळाला खरवड हाय."